माझं रक्त कोणालाच घेत नाही

६ जाने., मंगळ.
डायलिसिस. चार तास मशीनवर. शेवटच्या तासात पोटऱ्यांत गोळे आले, नर्सने दाबून दिले. बाजूच्या खुर्चीवरचे काका आठवड्यापासून दिसत नाहीत. विचारलं नाही. तिथं कोणी कोणाबद्दल विचारत नाही.
अँटीबॉडीचा रिपोर्ट आला. कमी झाल्या नाहीत. शंभर माणसं उभी केली तरी एकाचीही किडनी माझं रक्त ठेवून घेणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. दादाने दिलेली किडनी गेली, आणि जाताना ही फौज मागे ठेवून गेली. बारावीला दरवर्षी शिकवते, प्रतिकारशक्ती आपलं रक्षण करते. कर बाई, कर रक्षण!

८ जाने., गुरु.
डॉक्टरांनी आज स्टूल ओढलं नि बसले. ते बसले की भीतीच वाटते. पण गोष्ट वेगळी निघाली. डुकराची किडनी. बाहेरदेशी माणसांना लावून बघतायत. डुकराच्या पेशींवर एक साखर असते, आपलं रक्त ती ओळखून तुटून पडतं. म्हणून ती साखर बनवणारे जीनच काढून टाकतात, माणसाचे काही घालतात. तरीही गोळ्या आयुष्यभर, जबर.
"लगेच काही मिळणार नाही मॅडम. सध्या फक्त रक्त तपासायचं. तुमच्या अँटीबॉडी त्या पेशींवरही चालून जातात का ते बघतील. नाही गेल्या, तर नाव यादीत."
नमुना अकोल्याला द्यायचा, १९ तारखेला. फॉर्म दिला. सात पानं.
रिक्षात बसून राजापेठेपर्यंत हसत आले. रिक्षावाला आरशातून बघत होता.

१० जाने., शनि.
डायलिसिसनंतर घरी आले तर दादा चांदूर बाजारहून आलेला. संत्र्यांची थैली मायसाठी. मला चालत नाहीत, पोटॅशियम. वास मात्र घरभर.
सांगितलं. माय म्हणे, "डुकराची? अव बाप्पा!"
दादा पोट धरून हसला. "मी तिकडं बगीच्यातून डुकरं हाकलून राहिलो, अन् तू एकाले घरात घेऊन राहिली!"
खूप दिवसांनी तिघं हसलो. जाताना म्हणाला, अकोल्याले मी नेतो तुले. एसटीनं नको जाऊ.
माझ्याशी इतकं चांगलं वागू नये त्याने.

११ जाने., रवि.
फॉर्मचा रकाना ९. "आधीची किडनी निकामी होण्यापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय काही औषध, काढा, पूड घेतली होती का? कोणी दिली?" खाली जवळच्या नातेवाइकाची सही, वाचून.
इथं तरी लिहिते. साथीच्या वर्षी माय रोज सकाळी गुळवेलीचा काढा करायची. अख्खी गल्ली पीत होती. ताकद येते, रोग जवळ येत नाही. आणि मी दादाची किडनी टिकावी म्हणून हीच ताकद गोळ्या खाऊन खाऊन दाबत होते. मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, मी जीवशास्त्र शिकवते. दोनदा नाही म्हटलं. माय ग्लास घेऊन उभीच. समोरच्या घरातून दोघं साथीत गेले होते. प्यायले. रोज, तीन महिने.
मग क्रिएटिनिन चढलं, म्हणजे किडनी थकत चालली. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्यांशिवाय काही घेता? माय शेजारीच होती. नाही म्हटलं.
काढ्यानेच झालं असं छातीवर हात ठेवून कोणी सांगू शकत नाही. पण तेव्हा खरं बोलले असते तर वेळेत काही करता आलं असतं. दादाने पोट फाडून घेतलं होतं माझ्यासाठी. त्याला वाटतं, नशीब.

१३ जाने., मंगळ.
डॉक्टरांना विचारलं, एखादा रकाना कोरा सोडला तर? त्यांनी माझ्याकडे बघितलं. "यात लपवालपवी करणारा पेशंट ते घेतच नाहीत. मागाहून कळलं तर नाव कटतं."
हलताही येत नव्हतं, दोन सुया हातात. लिहिलं तर दादा जातो. न लिहिलं तर ही खुर्ची, मंगळ-गुरु-शनि, मरेपर्यंत.
घरी येऊन लिहिलं. गुळवेलीचा काढा, तीन महिने. कोणी दिला? स्वतःच्या मनाने घेतला.
मायला मध्ये आणायचं नाही.

१६ जाने., शुक्र.
दादा सहीला आला. मी म्हटलं वाच. तो म्हणे काय वाचाचं, दे पेन. मी म्हटलं, वाच.
वाचलं. परत वाचलं.
"माह्या किडनीवर काढा ओतला तू? शिकलेली बाई तू?"
मी हो म्हटलं.
"तुही वहिनी रडत होती तवा, नको देऊ म्हने. मी तिले झिडकारलं. अन् तू..."
पेन टेबलावर आपटलं. जिना उतरून गेला. फटफटीला चार किका मारल्या, तेवढं ऐकू आलं.
माय स्वयंपाकघरात होती. भाकरी जळाल्याचा वास आला, कधी नाही तो.

१७ जाने., शनि.
मशीन. बीपी खूप खाली गेलं. दादा फोन उचलत नाही. माय दिवसभर भांडी घासतेय, स्वच्छ भांडी.

१८ जाने., रवि.
उद्या अकोला. सकाळची एसटी, एकटीच. सही नाही, तरी जायचं ठरवलं.
संध्याकाळी माय चष्मा लावून बसली, म्हणे दे तो कागद. पहिल्या ओळीपासून वाचला, अंगणवाडीत नोकरीला असताना पोरांच्या वजनाचं रजिस्टर तपासायची तसा. नवव्या रकान्यावर बोट ठेवलं.
"हे खोटं हाय."
"राहू दे ना माय."
"तू खोडतं का मी खोडू?"
खोडलं. तिच्यासमोर लिहिलं, आईने दिला. ती प्रत्येक अक्षर बघत होती. मग खाली सही केली, पूर्ण नावाने.
म्हटलं माय, तुला माहीत नव्हतं. माहीत मला होतं.
तिने ऐकलंच नाही. पानं उलटत राहिली, पुढची, मागची.
"अन् काहून देला, ते कुठी लिवतेत?"
का दिला याचा रकाना नाही, म्हटलं.
पेन तिने सोडलं नाही. "लिव ना व, कुठी तरी."
समासात बोटभर जागा आहे. माय झोपली नाही, इथंच बसली आहे. काय लिहू?