उजवीकडचा अंक पुसल्यावर

प्रिय स्वरा,

परवा तू फोनवर पायाचं विचारलंस आणि मी फोन सरळ तुझ्या आईच्या हातात कोंबला. रागावली असशील. डॉक्टर म्हणतात, उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, उशीर केला तर जिवावर बेतेल. मी आपला एकच ठेका धरला, न्हाई म्हणजे न्हाई. आठवडाभर घरात हाच तमाशा. तुझी आई माझ्याशी गोळ्यांपुरतंच बोलत होती.

सुरुवात कुठून झाली ते तुला माहीत आहे. उन्हाळ्यातल्या अंगारकीला नेहमीसारखा जालन्याहून राजूरला अनवाणी चालत गेल्तो. डांबर तापलेलं, तरणी पोरं सावली बघून उड्या मारून राह्यली आणि मी आपला ऐटीत रस्त्याच्या मधून. वाटलं, बाप्पाची कृपा, चटकाच लागत न्हाई. कसली कृपा! साखरेनं पाय बधिर झाल्ता. घरी पाय धुताना आईनं फोड पाहिले आणि किंचाळलीच. आधी करंगळी गेली, मंग शेजारची दोन बोटं.

काल पडल्या पडल्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला एक संख्या लिहिली, ७३९३९१३३. तू दहावीत असताना सांगितली होती, तेव्हा मस्त जांभई दिली होतीस. ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून कशानंच पूर्ण भाग जात न्हाई. आता उजवीकडचा ३ पुसायचा. उरली ७३९३९१३, तीही मूळ. आणखी एक पुसला, ७३९३९१, तीही मूळ. असं करत ७३९३९, ७३९३, ७३९, ७३ आणि शेवटी एकटा ७. दर वेळी लहान होते, पण मूळच राहते. असल्या संख्यांत हीच सगळ्यात मोठी. हिच्या उजवीकडं कोणताही अंक जोडून बघ, भाग गेलाच म्हणून समज. १ किंवा ७ जोडला तर तिनानंच जातो, हे आठवीतलं पोरगंसुद्धा अंकांची बेरीज करून सांगेल.

आकडा बघून पायाचा निकाल लावणारा येडा मास्तर मीच असेन, हस खुशाल. पण खरं सांगू का, मला पायाची एवढी फिकीर नव्हतीच. पाय गेला की मी भालचंद्र सर राहणार न्हाई, कोपऱ्यात टेकवून ठेवलेलं सामान होईन, याचीच धास्ती होती. काल पुसत पुसत सातावर आलो आणि रडलो, बिलकुल लाज न धरता. मंग तुझ्या आईला हाक मारली आणि म्हटलं, डॉक्टरांना हो कळव.

ऑपरेशन मंगळवारी आहे. तू येऊ नकोस, रजा वाया घालवू नकोस, असा निरोप आई तुला देईल. तो मीच द्यायला लावलाय आणि तो खोटा आहे. संख्येला दुखत न्हाई गं, मला दुखणार आहे. आईपुढं मी मोठा शूर बनून बसलोय, ती काळजीनं आधीच अर्धी झालीय. फोनवर बोललो तर तिला ऐकू जाईल, म्हणून हे लिहून त्याचा फोटो तुला पाठवतोय. मला फार भीती वाटते, स्वरा, आणि तुझ्याजवळच ती बोलता येईल. सोमवारीच ये.

तुझाच,
बाबा