पाहुण्यांना बुजणारा पडदा

निपाणी, ४ सप्टेंबर १९८९

ती. शरदअण्णास,
बेबीचा सा. न. वि. वि.

तुमच्या कारखान्यानं अडगळीत टाकलेला आणि तू ट्रकवाल्याच्या हातापाया पडून पाठवलेला कॉम्प्युटर सुखरूप पोचला. सासूबाईंनी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी लग्न होऊन आले तेव्हा एवढं झालं नव्हतं. त्याला क्रोशाचं कव्हरही विणलंय. काम करताना ते फक्त समोरून उचलायचं, पाठ झाकलेलीच राहू द्यायची, असा त्यांचा हुकूम आहे.

पण कार्टं वांड निघालं. मी एकटी असले की हिरवी अक्षरं कवायतीला उभी राहिल्यासारखी सरळ असतात. कुणी बघायला आलं, की सगळी वाकडीतिकडी होऊन एका कोपऱ्यात गोळा होतात. शेजारच्या जयाबाईंनी निरखून बघितलं आणि, ह्ये कानडी हाय व्हय गं, असं विचारलं.

तुला हसू येईल, मला येत नाही. महिनाअखेरीस हायस्कूलचे चेअरमन मशीन बघायला येणार आहेत. चाललं तर कॉम्प्युटर शिकवायची जागा मला मिळेल. बी.एस्सी. होऊन इतकी वर्षं मी पापडच लाटतेय, अण्णा. ही जागा मला हवी आहे.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, सोबत उपायही पाठवावा.

तुझी,
बेबी

बेळगाव, ८ सप्टेंबर १९८९

चि. सौ. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

मशीन म्हातारं आहे, माणूसघाणं नाही. आमच्याकडे साहेबांपुढंही ते ताठ चालायचं, वाकायचो ते आम्ही.

आधी पडद्याची वायर मागं घट्ट बसलीय का बघ. पाहुणे आले की तू कौतुकानं पंखा नि मिक्सर लावत असशील, ते बंद ठेव. व्होल्टेज पडलं की चित्र आक्रसतं. रेडिओ, टेपरेकॉर्डर शेजारी नकोत. त्यांच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असतो, तो चित्र ओढतो. आणि कृपा करून थपडा मारू नकोस. टीव्हीला मारता मारता आपल्या आप्पांचं मनगट मुरगळलं होतं, टीव्ही होता तसाच राहिला.

काय झालं ते कळव. माया पूर्वीसारखीच आहे, तिला व्होल्टेज लागत नाही.

तुझा,
शरद

निपाणी, १४ सप्टेंबर १९८९

ती. अण्णास,
सा. न. वि. वि.

वायर दाबली, मिक्सर बंद, पंखा बंद. पाहुणे घाम पुसत बसले आणि अक्षरं वाकडी ती वाकडीच. रेडिओ तर आमच्याकडे कधीच मोडीत निघाला, त्याचे अवयव सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यात आहेत.

पण एक गोष्ट सांगते. मंगळवारी सासूबाई अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला गेल्या होत्या. त्या दिवशी जयाबाई पुन्हा आल्या, तर मशीन सुतासारखं सरळ! काल महिला मंडळ आलं, सासूबाई घरात होत्या, की पुन्हा गोंधळ. पाहुण्यांची चाहूल लागली की त्याच आधी मशीनच्या खोलीत जातात, कव्हर सारखं करायला म्हणून.

मनात नको ते येतंय. सुनेनं बाहेर पडू नये, असं त्यांना वाटत असेल का? तोंडावर तर गावभर माझं कौतुक करतात. कालपासून मी त्यांच्याशी धड बोललेले नाही.

लवकर लिही.

तुझी,
बेबी

बेळगाव, १८ सप्टेंबर १९८९

चि. सौ. बेबीस,
आशीर्वाद.

आधी कव्हर उचलून मशीनची पाठ बघ, मग सासूची पाठ धर. पाहुणे असतानाच बघ. घाईनं सोडलेला शब्द मला दुरुस्त करता येत नाही.

तुझा,
शरद

निपाणी, १ ऑक्टोबर १९८९

ती. अण्णास,
सा. न. वि. वि.

जयाबाईंना चहाला बोलावलं आणि कव्हर उचललं. पडद्याच्या पाठीमागं पत्र्याला एक काळा गोल चिकटला होता: आमच्या मोडक्या रेडिओच्या स्पीकरमधला लोहचुंबक! तो घेऊन मी तडक स्वैपाकघरात गेले.

सासूबाईंना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. त्यांचं म्हणणं, बाळाला तीट लावतात तशी ही मशिनीला लावली. येईल ती बाई लई झ्याक हाय, लई झ्याक हाय म्हणती, मग दिष्ट लागायची न्हाय व्हय? पत्र्यावर काजळ टिकंना, आन् ह्यो काळा गोल आपसूक चिकटतुया, म्हंजे देवाचीच करणी. पाहुणे गेले की त्या तो काढून ठेवायच्या. शेवटी म्हणाल्या, की त्या पेटीत तुजी नोकरी हाय पोरी, तिला दिष्ट लागली तर म्या काय करू?

अण्णा, मला रडूच आलं. ज्या बाईवर मी इतके दिवस संशय घेतला, ती माझीच राखण करत होती. मी रडतेय म्हटल्यावर मशीन कायमचं गेलं असं समजून त्याही रडायला लागल्या. जयाबाईंनी मग स्वतःच चहा केला.

पण तीट काढायला त्या तयार होईनात. चेअरमनची नजर सगळ्यात वाईट, त्यांनी गोठ्यात डोकावलं नि आमची म्हस आटली, असा त्यांचा पुरावा. शेवटी तडजोड झाली. लोहचुंबक परत शिवणाच्या डब्यात गेला आणि पडद्याच्या काचेवर, खालच्या कोपऱ्यात, त्यांनी बोटानं काजळ लावलं. मग तेच बोट माझ्या कानामागंही टेकवलं.

काल चेअरमन आले. अक्षरं सरळ होती. त्यांनी बराच वेळ बघून, कोपऱ्यातला हा काळा डाग कसला, बिघाड आहे का, असं विचारलं. मी सांगितलं, की साहेब, तो असू द्या, मशीन त्याच्यावरच चालतं. त्यांनी सगळं कळल्यासारखी मान हलवली. दसऱ्यानंतर मी शाळेत रुजू होतेय.

आता त्या कोपऱ्यातली अक्षरं दिसत नाहीत. यावर उपाय कळवू नकोस.

लोभ असावा, दिष्ट नसावी.

तुझी,
बेबी