‘ऐष’ची चिठ्ठी

३ मार्च, सोमवार
यांचा शब्दकोश ‘ऐष’वर अडला! नियम यांचाच — प्रत्येक शब्दाला गेल्या दहा वर्षांत स्वतःच्या कानांनी ऐकलेलं एक वाक्य हवं. कोण बोललं, कधी, सगळं चिठ्ठीवर. नाहीतर शब्द मृत धरून गाळायचा. शुक्रवारी छापखान्याचा माणूस येणार. यांचं जेवणात लक्ष नाही.
मला विचारतात, “तू म्हणतेस का गं कधी?”
“मी? देवांसमोर बसलेय, जरा हळू बोला!”

४ मार्च, मंगळवार
अर्थ विचारला. म्हणाले, “देहाला होणारं सुख. मूळ अरबी. तिकडे अर्थ जगणं, आयुष्य.”
नुसतं जगणं? मग मी इतकी वर्षं काय करतेय?
जपात तो शब्द तीनदा मध्ये आला. तिन्ही वेळा पहिल्यापासून.

५ मार्च, बुधवार
वाक्य मीच शोधायचं ठरवलं. शिंपीणबाई म्हणाली, “तुमची ऐष आहे बाई, यजमान दिवसभर घरात!” धावत घरी आणलं. हे म्हणाले, “हा टोमणा झाला. मनापासून निघालेलं हवं.”
धाकट्या जावेला फोन केला, तर ती हसतच सुटली. “जाऊबाई, तुमच्या घरात ऐष? तुम्ही साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवता!”
चिकटवते. त्यात हसण्यासारखं काय?

६ मार्च, गुरुवार
यांचं टेबल पुसताना ‘ऐ’चा खोका पडला. आत चिठ्ठी आहे! पिवळी पडलेली.
“‘अहो, थांबू नका, काय ऐष आहे!’ — बायको. पाठ चोळून घेताना. दुपार.”
तारीख लग्नानंतरच्या दुसऱ्या महिन्यातली. अगं आई गं! मी बोलले हे?
बोलले. आठवलं.
खाली ताज्या पेन्सिलीने — “दाखला एकतीस वर्षांपूर्वीचा. नंतर ऐकला नाही. शब्द मृत धरावा.”
फडकं हातात तसंच राहिलं. हे दारात. म्हणाले, “छापलेलं तुला आवडलं नसतं.”
“आणि मृत म्हटलेलं आवडेल?”
“खोटं कसं लिहू?”


७ मार्च, शुक्रवार
छापखान्याचा माणूस दुपारी दोनला आला. त्याला पाऊण तास बाहेर बाकावर बसवून ठेवलं. मग नवी चिठ्ठी दिली. वाक्य तेच. तारीख आजची.