टीव्ही बंद झाला की थांबा

बाबा,

सेलीमचा ताप उतरत नाही, म्हणून त्याला घेऊन दवाखान्यात निघाले. आई झोपल्या आहेत. तुम्ही असरच्या नमाजाहून याल तोवर उठू नयेत म्हणजे झालं. शरीफचा कुवेतहून फोन आला तर लेकाच्या तापाचं बोलू नका.

जुना रिमोट सेलीमनं मुलुखियाच्या पालेभाजीच्या पातेल्यात बुडवला. नवा टीव्हीजवळ ठेवलाय, पण तो आपल्या टीव्हीला अजून ओळखत नाही. टीव्ही मागच्या बटणानं सुरू करा. रिमोटवरचं 'सेट' लाल दिवा लागेपर्यंत दाबून धरा, मग चालू-बंदचं बटण सावकाश, एकेकदा दाबत राहा. टीव्ही बंद झाला की तिथंच थांबा आणि पुन्हा 'सेट' दाबा. बंद झाला म्हणजे बिघडला नाही, जुळला. मी इथंच फसले. घाबरून पुढं दाबत गेले आणि जुळलेलं हातचं गेलं.

जुन्या गाण्यांचं चॅनल सत्तेचाळीस नंबरला आहे. सूर्य बुडायच्या, मग्रिबच्या बांगेआधी लावाच. नाहीतर आई "पोरी, मला माझ्या घरी जायचंय" म्हणत चपला शोधायला लागतील. परवा भाजीवाल्यानं त्यांना कालव्याजवळून परत आणलं. आत्ता बाहेरून कुलूप लावायला किल्ली घेतली होती, पण हात धजावला नाही.

रिमोट नाहीच जमला तर तुम्ही गा. तुमचा आवाज गाढवासारखा आहे असं आई म्हणतात खऱ्या, पण ऐकायला बसतात.

नेव्हीन