मोजणीचा दिवस मीच फोडला

इतागुई, सोमवार, ९ मार्च

प्रिय कोमाद्रे एर्मिल्दा,

तुम्हाला आणि घरच्यांना नमस्कार. गुडघे कसे आहेत? तिकडे डोंगरात गारठा असेल, पायांना काहीतरी गुंडाळत जा. मी ठीक आहे. तुमच्या लेकाला, ओर्लेला, बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातांवर घेतलं, त्याचा धर्मपिता म्हणजे पाद्रिनो झालो आणि आपण कोमाद्रे-कोम्पाद्रे, त्याला सव्वीस वर्षं झाली. अजून दर रविवारी माझ्याकडे मक्याचे अरेपा खायला येतो.

तो पत्र्याच्या कारखान्यात मोठ्या दाबयंत्रावर आहे. कारखाना माझ्या भिंतीपलीकडेच. यंत्राचा दणका बसला की बशा हलतात. चाळीस वर्षं कापडगिरणीत मागांच्या खडखडाटात काढल्याने मला निम्मं ऐकूच येत नाही. पण वरच्या मजल्यावरच्या नुबियाच्या मुलीला फिट्स येतात. दणके सुरू झाले की पोर ताठ होते.

गल्लीने तक्रार केली. नगरपालिकेचा माणूस आवाज मोजायला आला. माझी खिडकी सगळ्यांत जवळची, म्हणून यंत्र तिथेच मांडलं. दिवसाची मर्यादा पासष्ट डेसिबल, भरले बासष्ट.

नुबिया म्हणाली, "रोज छाताडावर घण घालतात, आणि आज मेले साधू झाले होय?"

"बाई, यंत्राला ऐकू येतं तेवढंच मी लिहिणार," तो म्हणाला, आणि तक्रार मिटली.

कोमाद्रे, इथवर लिहून दोनदा उठलो. मोजणीचा दिवस नगरपालिकेने फक्त मला कळवला होता, घर उघडं ठेवा म्हणून. आदल्या रविवारी ओर्ले म्हणाला, "पाद्रिनो, आवाज जास्त भरला तर माझंच यंत्र बंद करतील." मी त्याला वार आणि वेळ सांगून टाकली. त्याने मुकादमाला सांगितली. त्या सकाळी यंत्र बंदच होतं, म्हणे तेलपाणी चाललं होतं.

शनिवारी पोरीला तीनदा झटका आला. ती इस्पितळात आहे. निघताना नुबियाने घराची किल्ली माझ्या हातात दिली. "कुंड्यांना पाणी घाला, एवेलिओकाका. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

उद्या सकाळी मी नगरपालिकेत जाऊन खरं सांगणार. मग ते न कळवता पुन्हा मोजतील. पुढे काय होईल ते तुम्हीही जाणता. तुमची औषधं ओर्लेच्या पगारावर येतात, हे मी विसरलेलो नाही.

काल ओर्लेला सांगितलं. त्याने ताट सरकवलं. "मग माझे पाद्रिनो झालात कशाला?" म्हणाला आणि निघून गेला.

हे पत्र उद्या आधी पेटीत टाकीन, मगच नगरपालिकेची पायरी चढेन. माझ्यावर रागवा, हक्क आहे तुमचा. पण ओर्लेला दूर लोटू नका. त्याने मुकादमाला सांगितलं ते भीतीपोटी, आणि तो दिवस त्याच्या कानावर घातला मी.

तुम्ही म्हणाल तर यापुढेही तुमचा कोम्पाद्रे,
एवेलिओ