मागच्या बाजूचा स्क्रू

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, मोजमापाची उपकरणं दुरुस्त करून पोट भरणारी विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गल्लीतल्या डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. कोणी धाक घातलेला नाही, लाडीगोडीही लावलेली नाही. येत्या आठवड्यात माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर ते किरकोळ म्हणतात. दुसऱ्याचं पोट नेहमी किरकोळच असतं.

१. घर. हे घर माझ्या नावावर आहे आणि माझ्यामागे ते माझ्या एकुलत्या एका मुलाचं. मात्र माझ्या नणंदेला, म्हणजे त्याच्या आत्याला, हयातभर इथे राहण्याचा हक्क राहील. त्यात मागची खोली, स्वयंपाकघर आणि पुढची कामाची खोलीही आली. तोवर घर विकता, गहाण टाकता वा भाड्याने देता येणार नाही. इतका खुलासा करण्याचं कारण असं, की मागच्या खेपेला मुलगा मोठ्या आवाजात म्हणाला, "आई, आत्याची कुठेतरी चांगली सोय लावू. तसंही तुमचं दोघींचं कुठे पटतं?" वन्सं तेव्हा भिंतीपलीकडे भांडी घासत होत्या. भांड्यांचा आवाज थांबला.

२. पटण्याविषयी. माझे यजमान कामाच्या टेबलावरच गेले. जमलेल्या माणसांसमोर वन्सं म्हणाल्या, "माझ्या भावाला हिने राबवून मारलं." तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलत नाही. ताट पुढे सरकवते, औषध उशाशी ठेवते, पण शब्द नाही. ते वाक्य मी माफ केलेलं नाही. मृत्युपत्रात खोटं लिहू नये म्हणून तसं नमूद करते.

३. जुना व्होल्टमीटर. जुन्या रेडिओत असतात तशा काचेच्या वाल्वचा, लोखंडी पेटीतला, यजमानांच्या हातचा. कामाच्या खोलीतले बाकीचे मीटर याच्याशी ताडून पाहिले जातात, म्हणून हा चुकला तर सगळेच चुकले. लावल्यावर वाल्व तापेपर्यंत काटा भरकटतो. चहा होईपर्यंत थांबावं. मग काटा शून्यावर आणावा. नंतर ठाऊक असलेला व्होल्टेज देऊन मागचा बारीक स्क्रू असा फिरवावा, की काटा बरोबर त्या आकड्यावर येईल. स्क्रू पेटीच्या मागे आणि काटा पुढे, त्यामुळे माणसं दोन लागतात. पूर्वी यजमान मागे, मी पुढे. ते गेल्यानंतर वन्सं न बोलावता स्क्रूड्रायव्हर घेऊन मागे उभ्या राहिल्या. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमच्यात बोलणं होतं ते एवढंच:

"थोडं वाढवा."

"एवढं?"

"जास्त झालं. मागे घ्या."

"वहिनी, स्क्रूड्रायव्हर निसटला. जरा थांबा."

"थांबले."

हल्ली मात्र हा मीटर महिनाभरसुद्धा नीट राहीना. कधी जास्त दाखवी, कधी कमी. मी वाल्व बदलले. रेझिस्टर एकेक सोडवून तपासले. गळका वाटला तो कपॅसिटर काढला, सोल्डरचे जोड नव्याने दिले. दोष सापडेना. झोप उडाली, वाटलं, मीटर ठीक असेल, माझेच डोळे गेले असतील. शेवटी धंद्यातली रीत आठवली. स्क्रू जागेवर आला की त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकतात. तो वाळला की स्क्रू आपोआप सरकत नाही, आणि कोणी फिरवला तर थेंब तडकतो. मी टाकला. पुढच्या महिन्यातल्या शनिवारी मीटर चुकलेला होता आणि थेंब तडकलेला. घरात माणसं दोनच.

मी तडकलेला थेंब खरवडून काढला, पुन्हा टाकला नाही. पुढे जाऊन बसले आणि म्हटलं, "वाढवा."

वन्सं म्हणाल्या, "एवढं?"

हे वाचलं जाईल तेव्हा त्यांना कळेल, की मला कळलं होतं. हा मीटर मी वन्संना देत आहे. त्यात बिघाड नाही. तो दुरुस्तीला टाकू नये, आणि त्या स्क्रूवर कोणीही काहीही लावू नये.

४. मुलावर अट. त्याने पहिल्या शनिवारी येऊन मीटरच्या पुढे बसावं, डोळा काट्याच्या अगदी समोर ठेवावा आणि आकडा मोठ्याने सांगावा. आत्याला कमी ऐकू येतं. मीटर दर वेळी का चुकतो, हे विचारू नये. आत्याला इथून हलवायचा प्रयत्न केल्यास घर तंत्रशाळेला जाईल. अट घातली की माणूस येतो. आल्यावर बोलेलच, असं कागदावर बांधून घेता येत नाही, असं वकील म्हणाले. मला घोर आहे तो त्याचाच.

५. किरकोळ. बँकेतली शिल्लक वन्संच्या औषधपाण्याला. उरेल ते मुलाला. हत्यारं शेजारच्या रेडिओवाल्याला. त्याने माझा ऑसिलोस्कोप "उद्या आणून देतो" म्हणून नेला आहे. तोही त्याचाच समजावा. नाहीतरी त्याचा उद्या माझ्या हयातीत उजाडणार नाही.

६. आरसा. मीटरसमोर आरसा उभा केला, तर मागे उभं राहूनही काटा दिसतो आणि एकट्याने काम होतं. मी माहेरी गेले, की यजमान तसंच करायचे. हे मला ठाऊक आहे, वन्संनाही आहे. आजवर आमच्यापैकी कोणी आरसा आणून ठेवलेला नाही. दाराजवळचा तो आरसा मुलाने आपल्या घरी न्यावा. या घरात तो नको.

सही: मीटरवाल्या बाई

आमच्यादेखत सही केली; आम्हाला यातून काही मिळायचं नाही:
साक्षीदार पहिले: गल्लीतले डॉक्टर
साक्षीदार दुसरे: समोरचे शिंपी
(वन्संनी पेन मागितलं होतं. ज्याला लाभ, त्याची साक्ष चालत नाही, असं वकिलांनी सांगितल्यावर त्या चहा टाकायला आत गेल्या.)

स्थळ: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: महिन्याचा पहिला शनिवार, सकाळ. मीटर तापत ठेवला आहे.