वाय ॲक्सिसची मोटर

४ ऑक्टोबर, शनिवार

लाकूड कोरायच्या मशीनचा वाय ॲक्सिस मेला! एक्स आडवा पळतो, झेड खालीवर होतो, मागंपुढं जाणारा वाय मात्र जागचा हलेना. कमांड दिली की मोटर नुसती गुरगुरते, थरथरते, बस्स. सागवानाची फळी अर्धी कोरलेली तशीच मशीनवर पडून. अक्काच्या नव्या घरातल्या देव्हाऱ्याची जाळी आहे ती. नक्षी अप्पांनी स्वतः कागदावर काढून दिलेली. अप्पांनी अन् मी ही मशीन मागच्या शेडमध्ये मिळून उभी केली, तेव्हापासून तिनं एकदा दगा दिला नव्हता. आत्ताच द्यायचा होता!

संध्याकाळी नांदेडहून दामिनीअक्काचा फोन. "दिवाळीला येते, जाताना अप्पांना घेऊन जाते. इथं चांगला डॉक्टर हाय. रुद्रेश, अप्पा लई विसरून राहिलेत, तू मान्यच करीना." म्हातारा बाप विसरणारच की! एवढंच म्हटलं — अप्पांच्या नक्षीचा देव्हारा आधी बघ, मग बोल. न्यायचं वगैरे काही नाही. अप्पा लातूर सोडून कुठं राहणार?

५ ऑक्टोबर, रविवार

दुकान बंद, म्हणून सकाळपासून शेडमध्ये. मला वाटलं मोटरी चालवणारा बोर्डच जळला. अप्पा स्टुलावर बसून बघत होते. एकदम म्हणाले — "वायरी अदलाबदल कर. एक्सची मोटर वायच्या जागी लाव. चालली तर बोर्डाचा दोष न्हाई."

लावली. चालली! म्हणजे बोर्ड ठणठणीत, बिघाड वायच्या मोटरीत नाहीतर तिच्या वायरीत. मला इतका आनंद झाला की अप्पांचे हातच धरले. ते म्हणाले, "सोड, ग्रीस हाय तुझ्या हाताला." साखर कारखान्यात जन्मभर फिटर होते, ते काय असं जातं?

लगेच अक्काला फोन लावून ऐकवलं. ती म्हणाली, "परवा फोनवर मला नीलम्मा म्हणाले." नीलम्मा म्हणजे आई. आई जाऊन किती वर्षं झाली. मी म्हटलं, तुझा आवाज आईसारखाच आहे. आहेच.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल नवी वायर ओढली, मोटरीजवळचा प्लग काढून परत बसवला. चालली. जाळीच्या दोन ओळी कोरून झाल्या. आज दुकानात जाण्याआधी चालू करून बघतो तर परत थरथर! बायको म्हणाली, उंदीर असंल. मी तिच्यावर उगाच खेकसलो. मंजुश्री पोहे ठेवून आत गेली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

काल प्लग हलवून चालू केली. आज परत मेली. च्यायला!

११ ऑक्टोबर, शनिवार

रात्री चालते अन् सकाळी मरते — हे कसलं गणित? आज मल्टीमीटर लावून एकेक तार बघितली. मोटरीच्या अंगावरच जिथं प्लग बसतो, तिथंच तारांची एक जोडी तुटलेली दाखवते. प्लग ओढला. आत पांढरा चिखल! पिना हिरव्या पडलेल्या, एक तर गंजून बारीक झालेली. आधी वाटलं, लाकडाचा भुसा दमटला. बोटावर चोळला. भुसा नव्हता. भस्म होतं.

मग टॉर्च मारून मोटर नीट बघितली. काळ्या अंगावर तीन बोटांचे आडवे पट्टे. खंडेनवमीला मशीनची पूजा केली होती, पण ती हळदकुंकवाची अन् समोरच्या चौकटीवर. ही मोटर तर पार मागं आहे. आणि भस्म ओलं आहे. मंजुश्रीला विचारलं, ती म्हणाली, मी नाही. घरात राहिलं कोण?

१२ ऑक्टोबर, रविवार

आज लवकर उठून शेडच्या दारात उभा राहिलो. अप्पा अंघोळ करून ओल्या धोतरानं आले. हातात तांब्या, भस्माची वडी, बेलाचं पान. मोटरीवर पाणी सोडलं, तीन बोटं ओढली, पान ठेवलं, डोळे मिटले. मी ओरडणारच होतो. पण त्यांच्या उघड्या गळ्याकडं लक्ष गेलं. लिंगायताच्या गळ्यात इष्टलिंग नव्हतं! जन्मल्यापासून जे अंगावरून उतरलं नाही, ज्याची तळहातावर पूजा केल्याशिवाय या माणसानं कधी चहासुद्धा घेतला नाही, ते नव्हतं. आम्हाला घरात कुणाला दिसलं कसं नाही?

"अप्पा, गळ्यातलं कुठाय?"

दचकले. मग पोरासारखे रडायलाच लागले. "हरवलं रे. कुठं ठिवलं, ध्यानातच यीना. दामिनीला कळलं तर म्हणंल, म्हातारा कामातून गेला. पूजेबिगर पाणी तरी कसं घेऊ?"

"मग मोटरीची का?"

"ही आपण बसवल्याली. एवढी ध्यानात हाय मला."

त्यांच्या शेजारी खाली बसलो. मंजुश्रीनं दिवसभर घर पालथं घातलं. लिंग काही सापडलं नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

दुकान उघडलंच नाही. अप्पांना मठात नेलं. स्वामींनी एक शब्द न विचारता नवं लिंग त्यांच्या तळहातावर ठेवलं, मंत्र दिला, गळ्यात बांधलं. अप्पांचा हात सारखा छातीवर जात होता. घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या. मोटरीला नवा प्लग लावला. जाळी पुरी कोरून झाली, अप्पांनी स्वतः पॉलिश पेपर मारला.

अक्काला ठणकावून सांगितलं — देवाला विसरले नाहीत ते. वस्तू कुणाचीही हरवते! अप्पा कुठंही जाणार नाहीत. ती म्हणाली, बरं. तू म्हणतोस तसं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी अप्पा पारोसेच स्वयंपाकघरात आले, बसले अन् चहा प्याले. मी म्हटलं, अप्पा, पूजा? म्हणाले, "कसली पूजा?" गळ्यातलं काढून माझ्या हातात दिलं. "हे कुणाचं हाय बघ बाबा. ज्याचं त्याला दिऊन टाक."

अक्काला फोन केला. म्हटलं, दिवाळीची वाट बघू नको. ये.